पडकोटात

दुपारची जेवणं आटोपून अग्निशमन केंद्रात सगळे जरा सैलावले होते, तेव्हा तो फोन आला. नियंत्रण कक्षात मोठी होती. तिचं खरं नाव अर्थातच वेगळं होतं, पण तिची सख्खी बहीण त्याच केंद्रात बंबावर कामाला लागली आणि तेव्हापासून दोघींची नावं पुसलीच गेली. फोन घेणारी ती मोठी आणि आगीत शिरणारी ती धाकटी.

"अग्निशमन केंद्र, बोला."

पलीकडे वाऱ्याचा घोंघाट होता. त्यातून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. वर्गात शुद्धलेखन घालावं तसा सावकाश आणि स्पष्ट.

"नमस्कार. आम्ही दोघं किल्ल्यावर आहोत. पडकोटात. इथला जिना ढासळलाय आणि माझ्याबरोबरच्या मुलीचा पाय दगडाखाली अडकलाय. पाणी येतंय. तुम्ही कृपा करून..."

"पडकोट ना? तुम्ही कोण बोलताय?"

"हो, पडकोटात. जरा लवकर..."

तेवढ्यात काहीतरी आपटल्यासारखा आवाज झाला आणि फोन बंद पडला. मोठीने त्या नंबरवर लगेच फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

पत्ता विचारायची गरजच नव्हती. शहराच्या बाजूची किल्ल्याची भिंत फार पूर्वी एका वादळात कोसळली होती. तिचे दगड अजून तसेच ढिगाने पडलेले होते, ढिगाला टेकून एक मोडका जिना उभा होता, आणि दर पावसाळ्यात वरून आणखी दोनचार घरंगळत यायचे. त्या जागेला सगळं शहर पडकोट म्हणायचं. पडका कोट म्हणून पडकोट, इतकं सरळ. तिथे बसथांबा होता आणि थांब्यावर पिवळ्या रंगात तेच नाव होतं. नियंत्रण कक्षातल्या भिंतीवरच्या नकाशातसुद्धा तेच.

मोठीने घंटा दिली आणि मायक्रोफोनवर म्हणाली, "पडकोटला जिना ढासळला. दोन माणसं अडकलीत. एकीचा पाय दगडाखाली. गाडी दोन."

काचेपलीकडे धावपळ उडाली. पथकप्रमुख शिरस्त्राणाचा पट्टा आवळत जिना उतरले. त्यांना सगळे मामा म्हणत. आजवर कोणालाही त्यांना मामा बनवता आलं नाही, म्हणून ते कायमचे मामा झाले, असं पोरं म्हणायची. त्यांच्यामागून धाकटी धावली. जाता जाता तिने काचेवर बोटांनी टकटक केली. रोज करायची. दोघींमध्ये ठरलेलं होतं, वायरलेसवर ताईबिई काही नाही, जे काय असेल ते या टकटकीत.

बंब निघून गेला आणि मोठी खुर्चीत टेकली. काम नेहमीचंच होतं. तरी तिने तो नंबर आणखी एकदा लावून पाहिला. फोन असा मध्येच तुटला की ती नेहमीच तसं करायची.

पाचेक मिनिटांत मामांचा आवाज आला. "कंट्रोल, गाडी दोन. जागेवर पोहोचलो. दगड ताजे पडलेले दिसतायत. माती अजून ओली आहे. माणूस दिसत नाही कुणी. हाका मारतोय."

"आवाज येतोय का आतून?"

"नाही."

मग मामा म्हणाले, "ढिगाच्या मध्ये एक पोकळी आहे. माणूस जाईल एवढी. म्हणजे बारीक माणूस. धाकटीला आत सोडतोय."

आईने एकच गोष्ट तिच्या गळ्यात मारली होती. "तू तिथे बसलेली असतेस ना, मग तिच्यावर लक्ष ठेव." जणू काही खुर्चीत बसून, कानाला यंत्र लावून कोणावर लक्ष ठेवता येतं.

"आधी वरचे दगड बघून घ्या," ती म्हणाली.

"बघितलेत. टेकू लावतोय."

शेजारच्या टेबलावर तिचे वरिष्ठ बसले होते. ड्युटीवर असताना त्यांचं तोंड एक क्षण मिटत नसे, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं रेडिओ. ते म्हणाले, "सापडतील गं. त्या ढिगात मागे एक बकरी सापडली होती, जिवंत. चांगली धडधाकट. मालकाला शिंगं मारत निघाली."

मोठी हसली नाही. ती म्हणाली, "पाणी येतंय म्हणाले ते."

"मग जलवाहिनी फुटली असेल."

"मामा पाण्याचं काही बोलले नाहीत."

रेडिओंनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीला फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं की पडकोटच्या बाजूची जलवाहिनी कालपासून दुरुस्तीसाठी बंद आहे, तिकडे थेंबभरही पाणी नाही. रेडिओंनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच गप्प बसले.

मोठीने वायरलेसवर विचारलं, "गाडी दोन, तिथे पाणी आहे का कुठे?"

"पाणी? इथे धूळ आहे नुसती. का?"

"माती ओली आहे म्हणालात."

"सकाळी शिडकावा झाला ना, त्याची. वाहतं पाणी नाही."

"धाकटी कुठे आहे?"

"पोटापर्यंत आत गेलीय. पाय दिसतायत."

मोठीने त्या फोनची नोंदलेली ध्वनिफीत पुन्हा लावली. नमस्कार. आम्ही दोघं किल्ल्यावर आहोत. पडकोटात. ती मागे गेली, पुन्हा ऐकलं. हो, पडकोटात. दोन्ही वेळा तसंच. आवाज घाबरलेला होता, पण शब्द एकही इकडचा तिकडे नव्हता.

"तुम्ही कसं म्हणता?" तिने रेडिओंना विचारलं. "पडकोटला जातो, की पडकोटात जातो?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांगा ना."

"पडकोटला. पडकोटला उतरायचं, पडकोटपाशी भेटायचं."

"पडकोटात?"

रेडिओंनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "नाही बुवा. पडकोटात कसं असेल कोणी? ती काय खोली आहे?"

"तेच म्हणतेय मी. ढिगाऱ्यात म्हणतील, भिंतीखाली म्हणतील. हे गृहस्थ दोनदा म्हणाले, पडकोटात. म्हणजे ते कशाच्या तरी आत आहेत. आणि तिथे पाणी येतंय."

"अगं, घाबरलेला माणूस काहीही बोलतो."

"हा माणूस काहीही बोलणाऱ्यातला वाटतो तुम्हाला?"

रेडिओंनी मान हलवली. तसा तो वाटत नव्हता.

किल्ल्याच्या तिकीट खिडकीचा नंबर भिंतीवरच्या यादीत होता. मोठीने तो फिरवला. घंटी वाजत राहिली. तिला वाटलं, आज सुट्टीच असणार. इतक्यात एका बाईने फोन उचलला.

"आज किल्ला बंद आहे. उद्या या."

"अग्निशमनमधून बोलतेय. आज आत कोणी गेलंय का? एक वयस्कर गृहस्थ आणि एक मुलगी?"

"सर ना? हो, सकाळीच गेले. त्यांना परवानगी आहे. ती नकाशेवाली मुलगी पण होती, मोजमापं घ्यायला. का, काय झालं?"

"कुठल्या बाजूला गेले?"

"ते मला नाही सांगत. पण समुद्राकडच्या छोट्या दाराची किल्ली घेऊन गेले."

मोठीने ते लिहून घेतलं. "पडकोट म्हणजे काय हो? सर कशाला म्हणतात पडकोट?"

"ते बसथांब्याच्या इथलं, भिंत पडलीय ते. पण त्यांना तसं म्हटलेलं नाही चालत. रागावतात. पडका कोट नव्हे बाई, म्हणतात, आणि मग सुरूच होतात. मला गिऱ्हाईक असतं, मी कुठे ऐकत बसू? त्यांच्या घरचा नंबर देऊ का? त्यांची बायको फोन करते इथे, जेवायला आले नाहीत की."

तिने नंबर दिला. मोठीने तो लावत असतानाच वायरलेसवर धाकटीचा आवाज आला, गुदमरलेला, धुळीने भरलेला. "आत आणखी जागा आहे. उजवीकडे वळतेय. कोणी दिसत नाही अजून."

"कंट्रोल ऐकतंय," मोठी म्हणाली. तिला वेगळंच काहीतरी म्हणायचं होतं.

फोन सरांच्या पत्नीने उचलला.

"सर आहेत का?"

"नाहीत. किल्ल्यावर गेलेत, आणि तिथे गेले की त्यांना घर नावाची वस्तू आठवत नाही. आमटी दोनदा गरम करून झाली. आपण कोण?"

मोठीला वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं की या बाई रडायला लागतील आणि जे हवंय ते राहून जाईल. ती म्हणाली, "काकू, मला फक्त एक शब्द विचारायचा होता. सर पडकोट कशाला म्हणतात?"

पलीकडून हसू आलं. "तुम्हालाही लावलंय का त्यांनी नादी? बरं झालं मला विचारलंत. त्यांना विचारलं असतं तर इथेच संध्याकाळ झाली असती. अहो, पडका वगैरे काही नाही त्यात. पडजीभ म्हणतो ना आपण? ती काय पडलेली जीभ असते? जिभेच्या मागे दुसरी छोटी जीभ, ती पडजीभ. तसं कोटाच्या बाहेर दुसरा छोटा कोट, तो पडकोट. मुख्य तटाच्या बाहेरून खालच्या अंगाला आणखी एक भिंत घालायची, म्हणजे शत्रू एक भिंत चढून आला तरी मधल्या जागेत सापडतो. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. पाठ झालंय."

"त्या मधल्या जागेलाही पडकोट म्हणतात?"

"म्हणतात की. पडकोटात उतरलो होतो, पडकोटात गवत माजलंय, असं चालूच असतं त्यांचं."

"आपल्या किल्ल्याला तो कुठल्या बाजूला आहे?"

"समुद्राकडे. बाकीचा कधीच गेला, तेवढा उरलाय. जिना उतरून जावं लागतं खाली. पण तुम्ही कोण ते सांगितलंच नाहीत."

मोठीने डोळे मिटले. "काकू, मी अग्निशमन केंद्रातून बोलतेय. सरांचा फोन आला होता. जिना ढासळलाय. सर बोलत होते, म्हणजे ते नीट आहेत. त्या मुलीचा पाय अडकलाय."

बाई अगदी हळू बोलल्या. "आज पौर्णिमा आहे. तिथे खाली मोऱ्या आहेत भिंतीत. उधाण आलं की पाणी आत शिरतं. ते घरी आले की चपला वाळत घालतात. भरती कधी आहे आज?"

मोठीने रेडिओंकडे पाहिलं. ते दुसऱ्या यंत्रावर सगळं ऐकत होते आणि आधीच बंदराच्या कचेरीला विचारत होते. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. भरती चढते आहे. तासाभरात पूर्ण.

"मी तुम्हाला परत फोन करते," मोठी म्हणाली.

"नको," बाई म्हणाल्या. "तुमचा फोन मोकळा ठेवा."

मोठीने मायक्रोफोन ओढला. "गाडी दोन, कंट्रोल. जागा चुकली आहे. माणसं तिथे नाहीत. ती समुद्राच्या बाजूला आहेत, दोन भिंतींच्या मध्ये. तिथे भरतीचं पाणी येतंय. ताबडतोब निघा."

मामांच्या मागे कोणीतरी टेकू ठोकत होतं. "कंट्रोल, इथे ताजी पडझड आहे. पोरगी आत आहे. आत्ता तिला आतून ठोकल्यासारखा आवाज आला म्हणते. मी अर्धवट सोडून निघालो आणि इथेच कोणी असलं तर?"

"आवाज तुमच्याच टेकूंचा असेल."

"असेल. नसेलही. तुला खात्री आहे?"

तिला हो म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. पण तिच्याकडे होतं काय? एक 'त', एक किल्ली आणि एका बाईंनी पाठ केलेला शब्द.

"नाही," ती म्हणाली. "खात्री नाही. पण त्यांच्याजवळ पाणी होतं आणि तुमच्याजवळ नाही. आणि तिथे ते असले तर तासाभरात नसतील."

ठोकण्याचा आवाज थांबला.

"धाकटे, मागे ये," मामांचा आवाज दूर गेला. "मागे ये म्हणतोय ना! पाय आधी."

मग वायरलेसवर एक वेगळाच आवाज आला. जड जातं फिरावं तशी घरघर, आणि लगेच कोणाची तरी आरोळी. त्यानंतर काही नाही. मोठी उठून उभी राहिली. काचेपलीकडे रिकामं आवार होतं आणि बंबाच्या जागी तेलाचा डाग. रेडिओ तिच्या शेजारी येऊन उभे होते. केंद्राचे सगळे नियम मोडून ती मायक्रोफोनमध्ये बहिणीला तिच्या घरच्या नावाने हाक मारत राहिली. तीन वेळा की चार, हे तिला नंतर आठवलं नाही.

"कंट्रोल," धाकटीचा आवाज आला. ती खोकत होती. "बाहेर आहे मी. ओरडू नकोस. खांद्याला लागलंय थोडं. निघालोय आम्ही."

मोठी खाली बसली. पण अजून काहीच झालं नव्हतं. ती दोन माणसं अजून तिथेच होती.

किल्ल्याचा दरवाजा अरुंद होता, बंब आत जात नव्हता. जॅक, दोर, फळ्या, सगळं खांद्यावर घेऊन पथकाला अख्खा किल्ला पायी ओलांडावा लागला. तिकीटवाली बाई पुढे धावत वाट दाखवत होती. मोठीला यातलं काही दिसत नव्हतं. तिला फक्त धापा ऐकू येत होत्या. मध्येच मामांचा आवाज यायचा, "अजून किती लांब?" आणि बाईचा, "ते झाड, त्या झाडामागे." मोठी टेबलावरची पेन्सिल उचलायची, ठेवायची. रेडिओंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तिने तो हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"दार सापडलं," मामा म्हणाले. "उघडंच आहे. किल्ली कुलपात लटकतेय."

आणि मग, जरा वेळाने, "आहेत. दोघंही आहेत."

"जिवंत?"

"वर बघतायत."

पुढचं सगळं मोठीला धाकटीने नंतर सांगितलं. दाराच्या आत पहिल्या चारपाच पायऱ्या उरल्या होत्या, त्याखाली नुसतं भगदाड. तळाला उंच तट आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये बोळासारखी जागा. मोऱ्यांतून पाणी घुसत होतं, मागे फिरत होतं, पुन्हा जास्त जोराने येत होतं. मुलगी जिन्याच्या दगडांना टेकून अर्धवट बसलेली होती आणि पाणी तिच्या छातीला लागलं होतं. सर तिच्यामागे उभे राहून तिला बगलेत हात घालून वर धरून होते. लाट आली की ते तिची हनुवटी उचलायचे. फोन पहिल्या लाटेतच गेला होता. त्यांनी हाका मारायचं केव्हाच सोडलं होतं. त्या दोन भिंतींतून आवाज फक्त आकाशात जात होता.

धाकटी दोराने खाली उतरली. तिला पाहून सर म्हणाले, "आधी हिला." ती म्हणाली, "दोघांनाही, पण तुम्ही माझं ऐकायचं." दगड पाण्याखाली होता, डोळ्यांना दिसत नव्हता. हाताने चाचपून तिने त्याखाली जॅक बसवला. पहिल्यांदा तो निसटला. दुसऱ्यांदा दगड बोटभर उचलला आणि मुलगी इतकी किंचाळली की वर उभ्या असलेल्या तिकीटवालीने कान झाकून घेतले. तिसऱ्या खेपेला पाय सुटला. तोपर्यंत पाणी धाकटीच्या गळ्याशी आलं होतं. मुलीला फळीवर बांधून वर ओढलं. मग सरांना. सगळ्यात शेवटी धाकटी. दुखऱ्या खांद्याने तिला दोर धरवत नव्हता, मामांनी तिला कॉलर धरून वर घेतलं.

"कंट्रोल, गाडी दोन. तिघंही वर. रुग्णवाहिका दरवाज्याशी पाठव."

मोठीने रुग्णवाहिका पाठवली. मग सरांच्या घरी फोन लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला.

"काकू, वर काढलंय त्यांना. बोलतायत."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि पुन्हा, "बरं." मग त्यांनी फोन ठेवायला हवा होता, पण ठेवला नाही. दोघी नुसत्या फोन धरून बसून राहिल्या.

संध्याकाळी मामा नियंत्रण कक्षात आले. कपडे बदलले होते, पण केसांत अजून मीठ होतं. मोठी उठून म्हणाली, "मामा, माझी चूक झाली. मी आधी विचारायला हवं होतं."

"काय विचारायला हवं होतं? पडकोट म्हटल्यावर मीही तिकडेच पळालो. या शहरात कोण नसता पळाला?" ते खुर्ची ओढून बसले. "एक सांगू? खात्री आहे म्हणाली असतीस ना, तर मी हललो नसतो. वायरलेसवर खात्रीने बोलणारे फार पाहिलेत मी."

घरी आईला दोघींनी एवढंच सांगितलं की धाकटी पाय घसरून पडली. आईने हळद लावून खांदा शेकला. निजायच्या आधी धाकटी म्हणाली, "तू मला भलत्याच बिळात घातलंस आज." ती हसत म्हणाली होती. मोठीही हसायला गेली, पण जमलं नाही. धाकटीने पाठ वळवली आणि थोड्या वेळाने तशीच म्हणाली, "मी निघाले आणि ते खाली बसलं. मी होते तिथेच." मोठीने अंधारात हात पुढे करून तिचं मनगट धरलं. धाकटीने सोडवून घेतलं नाही.

त्या आठवड्यात मोठी दवाखान्यात गेली. नकाशेवालीच्या पायावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती. पाय राहणार होता, लंगडणार मात्र होता. ती झोपली होती. सर शेजारच्या खोलीत उशीला टेकून बसले होते, छातीत पाणी झालं म्हणून त्यांना ठेवून घेतलं होतं.

"तुम्हीच का त्या?" ते म्हणाले. "बसा. तुम्हाला कळलं कसं?"

"तुम्ही पडकोटात म्हणालात. आम्ही पडकोटला म्हणतो."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, जुना मास्तर जागा झाला. मग तो लगेच विझला. "मला ठाऊक होतं की लोक त्या ढिगाला पडकोट म्हणतात. मी सगळ्यांना टोकत आलो आयुष्यभर. पण त्या वेळी डोक्यातच आलं नाही. समुद्राच्या बाजूला, एवढे दोन शब्द मी बोलू शकत होतो. बोललो नाही. मला वाटलं, शब्द बरोबर आहे ना, मग झालं."

"तुम्ही घाबरला होतात."

"नव्हतो. तेच तर. मी छान, व्यवस्थित बोललो." त्यांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. "तिने विचारलं मला खाली, काय सांगितलंत त्यांना? मी सांगितलं. तर ती म्हणाली, सर, ते तिकडे जातील. तिला लगेच कळलं. फोन गेलेला होता. त्यानंतर आम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढला नाही. पाणी येत होतं आणि आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, तुम्ही लोक कुठे शोधताय ते."

मोठीला वाटलं होतं की ती भीती फक्त आपल्या खोलीत होती. तीच भीती तिकडे, त्या दोघांमध्ये, पाण्याबरोबर चढत होती, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

बाहेर पडताना व्हरांड्यात सरांच्या पत्नी भेटल्या. बुटक्या, गोऱ्या, हातात डबा. त्यांनी मोठीचा हात धरला तो सोडला नाही. "माझं एक काम करशील, बाळ? मला ती जागा बघायचीय. यांना सांगू नकोस. इतकी वर्षं ऐकतेय, पण गेले नाही कधी. गुडघे दुखतात म्हणायचे मी. खरं म्हणजे कंटाळा यायचा."

ओहोटीची वेळ बघून त्या दोघी गेल्या. दार आता बंद होतं, पण जरा अलीकडे तटावर उभं राहून खाली डोकावता येत होतं. मोठीने बाईंना दोन्ही हातांनी धरून ठेवलं. खाली ओलं शेवाळ होतं, दगडांचा ढीग होता, आणि दोन भिंतींच्या मध्ये एका मोरीतून येणारी उन्हाची तिरीप. जवळपास कुठेच पाणी नव्हतं. समुद्र लांब, अगदी लांब मागे गेला होता.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, केवढं मोठं असेल."

मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "चल बाई, निघू या इथून." आणि मोठीच्या आधाराने, गुडघे धरत, त्या घाईघाईने पायऱ्या उतरू लागल्या.